पाण्याची मर्यादा ओलांडली म्हणतात, ती नक्की कुठली?

गोदाकाठ | रात्री १०:४८

हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. इथे पाण्याशी रोजचा संबंध असलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

२००९ साली योहान रॉकस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पृथ्वीच्या नऊ मर्यादा मांडल्या. हवामान, जैवविविधता, नत्र-स्फुरद अशा त्या मर्यादा. त्यांतली एक गोड्या पाण्याची. माणसानं नद्या, तलाव, भूजल यांतून वर्षाला ४,००० घन किलोमीटरपेक्षा जास्त पाणी खर्ची घालू नये, असा तो आकडा. त्या वेळचा खर्च होता सुमारे २,६००. म्हणजे हातात बरंच शिल्लक होतं. २०१५ मध्ये उजळणी झाली तेव्हाही पाणी 'सुरक्षित' रकान्यातच राहिलं.

आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कॅथरिन रिचर्डसन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. नऊपैकी सहा मर्यादा ओलांडल्या आणि त्यांत गोडं पाणीही आहे, असं त्यात म्हटलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, आठ वर्षांत असं काय उपसलं आपण? तसं काही झालेलं नाही. खर्च थोडा वाढला असेल, पण खरा बदल झाला तो मोजायच्या पद्धतीत. आता 'एकूण किती घन किलोमीटर' असा प्रश्न विचारतच नाहीत. जगातल्या किती टक्के जमिनीवर नदीचा प्रवाह आणि मातीतली ओल औद्योगिक काळाआधीच्या चढउतारांच्या बाहेर गेली आहे, ते बघतात. प्रवाहासाठी मर्यादा साधारण १० टक्के जमिनीची, निबंधात प्रत्यक्ष आकडा १८. ओलीसाठी मर्यादा ११ टक्के, प्रत्यक्षात जवळजवळ १६.

मला ही नवी पद्धत जास्त खरी वाटते. पण घरी चर्चा झाली तेव्हा भाऊ म्हणाला, "आकडा बसेना म्हणून फूटपट्टी बदलली." त्याला नीट उत्तर देता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. तुम्हाला काय वाटतं?

पाटकरी | रात्री ११:३५

गोदाकाठ, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. आधी एक घोळ निस्तरतो, कारण पुढच्या चर्चेत तो हमखास येणार.

जगभर माणूस वर्षाला जो उपसा करतो तो साधारण ४,००० घन किलोमीटर. मर्यादेचा जुना आकडाही ४,०००. त्यामुळे पुष्कळ लोक "आपण काठाला टेकलो" असं लिहितात. हा निव्वळ योगायोग आहे. उपसा वेगळा आणि खर्ची पडणं वेगळं. पुण्याचं उदाहरण घ्या. खडकवासल्यातून पाणी उचललं, घराघरांत गेलं, मोरीतून, संडासातून मुळा-मुठेत आलं, तिथून भीमेत आणि शेवटी उजनीत. ते घाण झालं हे खरं, आणि त्याचा त्रास खालच्या लोकांना होतो हेही खरं, पण ते खोऱ्यातून नाहीसं झालं नाही. तेच पाणी उसाला दिलं की पानांतून हवेत जातं. त्या हंगामात ते त्या खोऱ्याला परत मिळत नाही. जगाच्या उपशात शेतीचा वाटा ७० टक्के, पण खर्ची पडणाऱ्या पाण्यात तो त्याहून खूप मोठा आहे, तो यामुळेच.

आपल्या मापात सांगायचं तर एक घन किलोमीटर म्हणजे ३५.३ टीएमसी. कोयना १०५ टीएमसीची. म्हणजे जगाचा वर्षाचा उपसा साधारण तेराशे चाळीस कोयना.

आता तुमच्या भावाला उत्तर. जुना आकडा मला नोकरीत असतानाही पटला नव्हता. एकटी ॲमेझॉन वर्षाला सहा हजारांहून जास्त घन किलोमीटर पाणी समुद्रात टाकते, सगळ्या जगाच्या उपशापेक्षा जास्त. ते पाणी मांजरेच्या काय कामाचं? बेरजेत मात्र ते धरलं जातं आणि शिल्लक दिसते. २०१३ मध्ये डिटर गेर्टेन आणि सहकाऱ्यांनी नद्यांना वाहण्यापुरतं पाणी राखून हिशोब केला, तर मर्यादा ४,००० वरून २,८०० वर आली, आणि त्यातही अनिश्चितता ११०० ते ४५०० अशी मोठी. तेव्हा फूटपट्टी कुणी सोयीसाठी बदलली नाही. ती चुकीच्या जागी धरली होती, ती उचलून बरोबर जागी धरली, एवढंच.

मालदांडी | पहाटे ५:५०

मी मंगळवेढा तालुक्यातला. ओलीबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्याकडची काळी रानं खोल. रब्बीची ज्वारी पेरायची सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि त्यानंतर तिला आभाळातून थेंब नाही आला तरी ती पिकते. विहिरीचं नाही, कॅनॉलचं नाही. पावसाळ्यात मातीनं जे पिऊन ठेवलंय त्याच्यावर, आणि थंडीतल्या दवावर. तीन-चार हात खाली मुळी जाते. पेरायच्या आधी वडील रानातली माती वीतभर उकरून मुठीत दाबायचे. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर वाफसा आला, पेरा. बोटाला चिकटला तर थांबा. गोळाच होईना तर त्या साली तिफण बाहेर काढायची नाही. आणि पीक गुडघ्याला आलं की कोळपं फिरवायचं, कारण काळी जमीन भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमच्याकडं म्हणतात.

शास्त्रज्ञ ज्याला ओलीची मर्यादा म्हणतात ती माझ्या रानात गेल्या दहा-बारा वर्षांत मला दिसलीय. वर्षाचा पाऊस मोजला तर तेवढाच पडतो. पण पूर्वी हस्ताचा पाऊस चार-पाच दिवस संथ लागायचा, माती पीत राहायची. आता एका रात्रीत चार इंच पडतो, बांध फोडून ओढ्याला जातो, आणि सकाळी वरची माती वाहून गेलेली असते. पर्जन्यमापकात पाऊस भरलेला दिसतो, रानात मात्र ओल उतरलेली नसते. सरकारी कागदावर अशा सालाला दुष्काळ म्हणत नाहीत.

गोदाकाठ | सकाळी ८:२०

मालदांडी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी काल एवढं लांबलचक लिहिलं, त्यापेक्षा तुमच्या मुठीतल्या गोळ्यानं जास्त सांगितलं.

मालिन फाल्कनमार्क या स्वीडिश जलशास्त्रज्ञ बाईंनी 'निळं पाणी' आणि 'हिरवं पाणी' असा भेद रूढ केला. निळं म्हणजे नदी, तलाव, भूजल. हिरवं म्हणजे मातीत मुरून झाडापिकांतून हवेत जाणारं. जमिनीवर पडणाऱ्या पावसाचा जवळजवळ ६० टक्के भाग हिरव्या वाटेनं जातो. तरी धरणं, कालवे, लवाद सगळे निळ्या पाण्याचे. हिरव्याचा हिशोब ठेवणारं खातंच नाही. आपल्याकडे मात्र त्याला 'ओल' आणि 'वाफसा' असे दोन वेगळे शब्द आधीपासून आहेत.

आणखी एक. जमिनीवर पडणाऱ्या पावसातला सुमारे ४० टक्के पाऊस जमिनीवरूनच उडालेल्या बाष्पाचा असतो. ॲमेझॉनच्या जंगलावरून जे बाष्प दक्षिण अमेरिकेच्या शेतीपट्ट्यापर्यंत जातं त्याला तिथे 'उडत्या नद्या' म्हणतात. म्हणजे एका देशानं जंगल तोडलं तर दुसऱ्या देशातल्या रानाची ओल कमी होते. पाटकरी काका, 'जागतिक मर्यादा' या शब्दाला अर्थ आहे तो इथे. निळं पाणी खोऱ्याखोऱ्याचं आहे हे मान्य, पण बाष्प खोरं ओळखत नाही.

पाटकरी | सकाळी ९:०५

हे मान्य. या बाजूनं मी विचार केला नव्हता.

फिनिक्सकर | दुपारी १२:१७

मी ॲरिझोनात राहतो, मूळचा साताऱ्याचा. निळ्या पाण्याची मर्यादा बघायची असेल तर कोलोरॅडो नदी बघा.

१९२२ साली सात राज्यांनी नदी वाटून घेतली. वरच्या राज्यांना वर्षाला ७५ लाख एकर-फूट (एका एकरावर फूटभर उभं राहील तेवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट), खालच्यांना ७५ लाख. १९४४ च्या करारानं मेक्सिकोला आणखी १५ लाख. पण १९२२ च्या आधीची जी वर्षं मोजमापाला धरली ती नेमकी ओली वर्षं होती. नदीत तेवढं पाणी सरासरीनं कधी नव्हतंच, आणि या शतकात ते सव्वाशे लाख एकर-फुटांच्या आसपास आलंय. म्हणजे कागदावर १६५ लाख वाटलेत आणि नदीत १२५ आहेत. फरक धरणांच्या साठ्यातून भागवत आलो.

आईबाबा २०२२ च्या उन्हाळ्यात आले होते तेव्हा त्यांना हूवर धरण दाखवायला नेलं. त्या जुलैत धरणामागचा जलाशय, लेक मीड, भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला होता. तांबड्या-काळ्या कड्यांवर पाणी जिथवर असायचं तिथवर क्षाराचा पांढराफेक पट्टा, दहा-पंधरा मजले उंच. आई कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आपल्या घंगाळाला आतून बसतो तसा थर आहे की रे." साताऱ्याच्या घरचं तांब्याचं घंगाळ मला लख्ख आठवलं.

नदी आता समुद्राला पोचत नाही. २०१४ च्या वसंतात अमेरिका-मेक्सिको करारानुसार मोरेलोस धरणातून मुद्दाम पाणी सोडलं, तेव्हा कोरड्या पात्रात लोक लहान मुलांना घेऊन नाचायला उतरले होते. त्यांतल्या पुष्कळ पोरांनी आपल्या गावची नदी वाहताना पहिल्यांदाच पाहिली असेल. त्या मे महिन्यात पाणी समुद्राला टेकलं. नंतर पुन्हा वाळू.

शहरांना लोक दोष देतात, पण इथेही बहुतेक पाणी शेतीला जातं, त्यातही मोठा वाटा गुरांच्या चाऱ्याला, अल्फाल्फा म्हणजे आपल्याकडचं लसूण घास.

रानजाई | दुपारी ३:४२

मी लातूरची, शाळेत शिकवते. २०१६ चा उन्हाळा काढलेल्या माणसाला मर्यादा समजावून सांगावी लागत नाही.

मांजरा धरणात पाणी उरलं नव्हतं. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. नंतर ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. आमच्या वर्गातली मुलं दप्तरात पुस्तकांच्या जागी रिकाम्या बाटल्या आणायची, कारण शाळेच्या टाकीत त्या दिवशी पाणी आलं तर घरी न्यायला. मी कुणाला रागावले नाही. मीही पर्समध्ये दोन बाटल्या ठेवत होते.

एक हिशोब मला अजून झोपू देत नाही. एक किलो साखरेमागे जगाच्या सरासरीनं सुमारे १,८०० लिटर पाणी लागतं. म्हणजे ५० वाघिणींची ती अख्खी गाडी, जिला बघायला लोक स्टेशनवर हार घेऊन उभे होते, ती साखरेच्या अठ्ठावीस पोत्यांएवढी. आणि त्याच जिल्ह्यात तो उसाचा पट्टा. कृषी मूल्य आयोगाच्या अहवालात होतं ते सगळ्यांना माहीत आहे: राज्यात उसाचं क्षेत्र ४ टक्क्यांच्या आत आणि सिंचनाचं जवळजवळ ७० टक्के पाणी त्याला.

पाटकरी | दुपारी ४:३०

ताई, तुमचा हिशोब बरोबर आहे, एक भर घालतो. त्या १,८०० लिटरमध्ये पावसाचं पाणीही धरलेलं असतं. जागतिक सरासरीत दोन तृतीयांश भाग मालदांडींच्या ओलीतला असतो, कारण ब्राझीलसारख्या देशात बहुतेक ऊस पावसावरच होतो. आपल्याकडे ऊस रानात बारा ते अठरा महिने उभा आणि पाऊस चार महिने, तोही मराठवाड्यात बेताचा. म्हणून इथे निळ्या पाण्याचा भाग खूप मोठा. सरासरी आकडा इथे लावला तर उसाचा भार कमीच दिसतो.

आडसाली | संध्याकाळी ७:१५

मी ऊस लावतो, करमाळा भागात. इथं सगळे एका बाजूला झुकलेत म्हणून लिहितो.

ऊस आम्हाला पाण्याची चटक लागली म्हणून लावत नाही. त्याचा दर कायद्यानं ठरतो, तोड कारखान्याची येते, गारपिटीत आडवा झाला तरी काही ना काही हातात पडतं. २०१६-१७ ला सरकारनं डाळ पिकवा म्हणून सांगितलं. तुरीचा हमीभाव ५,०५० आणि बाजारात चार हजारांच्या आसपास विकावी लागली. केंद्राबाहेर मी तीन रात्री ट्रॅक्टरखाली झोपलो, शेवटी बारदाना संपला म्हणून माल परत आणला. पुढच्या साली पुन्हा ऊस लावला. मला ती तूर विकत घेणारा कुणीतरी दाखवा, मग ऊस सोडायची गोष्ट करा.

आणि मी सगळा ऊस ठिबकवर केलाय. पाटपाण्याच्या निम्म्या पाण्यात येतो. सगळ्यांनी ठिबक केलं तर हा प्रश्न राहतोच कुठं?

मालदांडी | संध्याकाळी ७:५०

दादा, तुरीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. माझ्या ज्वारीचंही तेच आहे. काढणीला मजूर मिळत नाही, कडबा विकून खर्च निघतो. माझ्या शेजारच्या तिघांनी पाणी आल्यावर ऊस केला, त्यांना मी कधी नाव ठेवलं नाही.

ठिबकचं एक विचारतो, राग मानू नका. जे निम्मं पाणी वाचलं त्याचं तुम्ही काय केलं?

आडसाली | रात्री ८:३०

खरं सांगायचं तर आणखी दोन एकर लावला.

फिनिक्सकर | रात्री ९:५८

आडसाली, हे सरळ सांगितलंत याबद्दल मनापासून आभार. जगभर हेच झालंय. कॅन्ससमध्ये ओगालाला या भूजलसाठ्यावर शेती चालते. तिथे कमी पाण्यात भिजवणाऱ्या तुषार यंत्रांना सरकारनं अनुदान दिलं, आणि नंतर मोजलं तर उपसा वाढलेला निघाला. शेतकऱ्यांनी जास्त पाणी मागणारी पिकं घेतली, जास्त क्षेत्र भिजवलं. २०१८ मध्ये क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी हे 'सायन्स'मध्ये नीट मांडलं. पाटपाण्यातलं जे 'वाया' जातं ते खरं तर मुरून खालच्या विहिरीला मिळत असतं. ठिबकनं ते थांबतं आणि पिकातून हवेत जातं. एकूण किती घ्यायचं ते आधी ठरलेलं नसेल, तर बचत रानातच राहते, नदीला काही मिळत नाही.

पाटकरी | रात्री १०:४०

आधी ठरवायचं, हे आपल्याकडे झालेलं आहे. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. नियम ऐका. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळणार, माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस नाही.

जगातल्या विद्वानांना २००९ मध्ये जो प्रश्न पडला तो या माणसानं माळरानावर उभं राहून पस्तीस वर्षं आधी सोडवायला घेतला होता. हिवरे बाजारनं तेच वेगळ्या वाटेनं केलं. पावसाळा संपला की गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून रब्बीत काय घ्यायचं ते ठरवतात. सिंचनासाठी बोअर बंद, ऊस आणि केळी बंद.

आपल्याकडे हे वर्षावर्षाला का करावं लागतं, तेही सांगतो. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा. पंजाबात गाळाची जमीन, शेकडो फूट खोल पाणी, तिथे वर्षानुवर्षं कर्ज काढता येतं आणि ते काढलंय. २००२ ते २००८ या सहा वर्षांत पंजाब, हरियाणा, राजस्थान, दिल्ली मिळून १०९ घन किलोमीटर भूजल गेलं, हे ग्रेस उपग्रहांनी मोजलं. आपल्या पाषाणात भेगांपुरतीच जागा. पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यात संपतं. आपल्याला कर्ज काढायची सोयच नाही. सहाशे फूट बोअर मारून जे लागतं ते बहुतेक वेळा शेजाऱ्याच्याच विहिरीचं असतं.

रानजाई | रात्री ११:१०

काका, पण माणशी पाणी हा नियम बहुतेक गावांत का पसरला नाही?

पाटकरी | रात्री ११:२६

ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला तो नको होता. आणि मोठे कालवे आले की लोकांना वाटतं आता मोजायची गरज नाही. मीच कित्येक गावांत आवर्तनाच्या वेळी उभा राहिलोय. वरच्यानं दार उचललं तर शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही, हे मला दिसत होतं, आणि मी नोंदवहीत 'आवर्तन पूर्ण' लिहून पुढे गेलोय. याची आज खंत वाटते.

आडसाली | सकाळी ६:४०

रात्री झोप लागली नाही. दोन एकरांचं डोक्यात राहिलं. पाटकरी साहेब, एक विचारतो. गावानं ठरवायचं तेव्हा ठरवेल, पण माझ्या विहिरीची मर्यादा मला एकट्याला कशी कळेल? आमची विहीर पंचावन्न फूट आहे. एप्रिलला तळ दिसतो.

पाटकरी | सकाळी ७:३०

फार सोपं आहे. दोरीला एक-एक फुटावर गाठ मारा, टोकाला धोंडा बांधा. विहिरीच्या काठावर रंगानं एक खूण करा, दर वेळी तिथूनच मोजा. मोटर बंद असताना, शक्यतो सकाळी, रात्रभर झरे भरून आल्यावर. भूजल सर्वेक्षणवाले ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे असं वर्षात चारदा मोजतात, तुम्ही महिन्याला मोजा. शेजारी पावसाचा आकडा आणि मोटर किती तास चालली तेही लिहा.

ऑक्टोबरचा आकडा म्हणजे तुमची वर्षाची जमा. मोटरच्या तासाला पाणी किती फूट उतरतं आणि रात्रीत किती भरून येतं, हे दोन महिन्यांत कळेल. मग मे अखेर तळाला किमान सहा-सात फूट राहील इतकंच पीक बसवायचं. जनावरांचं आणि प्यायचं आधी वजा करून. तुम्ही आकडे पाठवा, मी इथेच गणित मांडून देतो.

गोदाकाठ | सकाळी ८:५५

मालदांडी, तुम्हीही वाफशाची नोंद ठेवाल का? कुठल्या तारखेला गोळा फुटला, किती वीत खाली ओल लागली, एवढंच. मी या धाग्यावर दोघांची वही चालवते.

मालदांडी | संध्याकाळी ६:१०

ठेवतो. माझ्या वडिलांची पण एक जुनी वही आहे, पेरणीच्या तारखा आणि नक्षत्रं लिहिलेली, तीस-एक वर्षांची. कोपरे वाळवीनं खाल्लेत. फोटो काढून पाठवतो.

आडसाली | तीन दिवसांनी, सकाळी ७:०५

दोरी केली. मुलीनं गाठी मारल्या आणि तिनंच वाकून मोजलं. मोटर काल संध्याकाळपासून बंद होती. काठाच्या खुणेपासून पाण्यापर्यंत २१ फूट. पाणी ३४ फूट. गोदाकाठ ताई, लिहून घ्या.